हजेरी आणि सुट्टी यांच्यामध्ये: तमिळनाडूच्या मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
तमिळनाडू शासन,
सचिवालय, फोर्ट सेंट जॉर्ज, चेन्नई.

विषय: राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे बंद झालेले घरून काम.



१ सप्टेंबर २०२० रोजी तमिळनाडूतल्या सरकारी कचेऱ्या शंभर टक्के हजेरीवर परत आल्या. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, हजेरी पुन्हा निम्म्यावर आली आणि लाट ओसरल्यावर तीही सवलत गेली. त्यानंतर सरकारी नोकराने घरून काम करण्याचा विषय सचिवालयात कायमचा मिटला. सरकारी नोकरीत हे चालत नाही, करून पाहिले, बंद केले, असाच त्यावरचा शेरा आज सगळे गृहीत धरतात. हा शेरा चुकीचा आहे आणि तो बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. २०२० मध्ये आपण जे बंद केले, ते घरून काम नव्हतेच. घरून काम या राज्यात अजून सुरूच झालेले नाही. आता ते सुरू करता येण्यासारखी परिस्थिती आहे, आणि काही माणसांसाठी तर ते सुरू करणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

पत्र मराठीत आहे, कारण मी चेन्नईत राहणारी मराठी बाई आहे आणि माझे वाचक मराठी आहेत. तमिळ प्रत आपल्या टपाल शाखेत स्वतंत्रपणे देत आहे. मराठी माणसाचा या कचेऱ्यांशी संबंध तसा जुना आहे. तंजावर-कुंभकोणमकडची मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या मद्रास इलाख्याच्या नोकरीत होती. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचीही सुरुवातीची नोकरी मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीतली. शिवाय जो प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे, तोच मुंबईच्या मंत्रालयापुढेही आहे. तिथेही तो असाच न सोडवता मिटवला गेला.

आधी २०२० मध्ये काय झाले ते पाहू. १८ मेपासून कचेऱ्या निम्म्या हजेरीवर उघडल्या. आठवडा सहा दिवसांचा झाला. कर्मचाऱ्यांचे दोन गट पाडले गेले, एका गटाने दोन दिवस यायचे, मग दुसऱ्याने दोन दिवस. वरिष्ठ अधिकारी रोज येत. जो गट घरी असे त्याने फोनवर उपलब्ध राहायचे होते. कागदावर ही व्यवस्था नीट होती. पण घरी बसलेल्या सहायकाच्या हातात काय होते? फाईल चेपॉकच्या कचेरीतल्या कपाटात. आवक टपाल टेबलावर. जुने संदर्भ रेकॉर्ड रूममध्ये, कापडी गठ्ठ्यात. मसुदा टाइप करायचा संगणकही कार्यालयात, तोही दोघातिघांत एक. घरी होता फक्त मोबाइल, आणि त्यावर साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप. ‘अमुक पत्राची तारीख काय?’ असे विचारले, तर उत्तर द्यायला त्याला परवा कार्यालयात जाईपर्यंत थांबावे लागे. याला कोणी दूरस्थ काम म्हणू नये. ही पाळी होती, गर्दी टाळण्यासाठी केलेली. साथीच्या त्या महिन्यांत ती योग्यच होती. पण त्या पाळीत कामे तुंबली म्हणून ‘घरून काम होत नाही’ असा निष्कर्ष काढणे हे नांगर न देता शेतकऱ्याला नापास करण्यासारखे आहे.

मुंबईत याहून वेगळे काही घडले नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने सरकारी हजेरी ५ टक्क्यांपर्यंत खाली आणली आणि पुढे पायरीपायरीने वाढवली. योगायोग असा की त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला तिथे पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला होता. म्हणजे कामाचे दिवस आणि कामाचे तास यांचा विचार नुकताच करून झाला होता. कामाच्या जागेचा विचार मात्र साथीने करायला लावला आणि साथ संपताच तो सोडून दिला गेला.

या दोन्ही राज्यांना कागदाची फाईल एकाच जागी ठेवण्याची किंमत त्याआधीच कळायला हवी होती, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १६ जानेवारी २०१२ रोजी चेपॉक राजवाड्यातल्या कलस महालाला आग लागली. तिथे सरकारी कचेऱ्या होत्या. आग विझवताना अग्निशमन दलातला एक जण प्राणाला मुकला. त्याच वर्षी २१ जूनला मुंबईत मंत्रालय पेटले, वरचे मजले जळाले, माणसे गेली, असंख्य फाइली राख झाल्या. पाच महिन्यांच्या अंतराने दोन राजधान्यांत ही गोष्ट घडली. त्यानंतर ई-ऑफिसची भाषा दोन्हीकडे सुरू झाली. आज राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ऑफिस प्रणाली आपल्या सचिवालयात आहे, जिल्हाधिकारी कार्यालयांत पोहोचली आहे. टिपणी संगणकावर लिहिली जाते, सही डिजिटल होते, फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे हे एका क्लिकवर दिसते. २०२० च्या मे महिन्यात बहुतेकांकडे जे नव्हते, ते आज आहे. म्हणूनच तेव्हाचा शेरा आज लागू धरता येत नाही.

आता दुसरी बाजू. ती मला मनापासून मान्य आहे, म्हणून आधी तीच नीट मांडते.

सरकारी कचेरीत जाणारा माणूस हौसेने जात नाही. सातबाऱ्यासारखा इथला पट्टा नावावर करून घ्यायचा असतो, जातीचा दाखला हवा असतो, नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन अडलेले असते. सोमवारच्या तक्रार निवारण दिवशी कुठल्याही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात उभे राहिले की दिसते: पहाटेच्या बसने आलेल्या म्हाताऱ्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज, सोबत लिहून देणारा कोणीतरी. मराठीत आपण ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ म्हणतो. इथे ‘नाळैक्कु वांग’ म्हणजे ‘उद्या या’ हे तीन पिढ्यांनी ऐकलेले वाक्य आहे. रिकामी खुर्ची ही या माणसांची सगळ्यात जुनी तक्रार. तिच्यावर ‘साहेब घरून काम करत आहेत’ अशी नवी पाटी लागली तर त्यांचा संताप रास्त असेल. त्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडालेला असतो.

त्यामुळे खिडकीवरचे काम खिडकीवरच व्हावे. तालुका कार्यालय, रेशन, दुय्यम निबंधक कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, पोलीस ठाणे, ग्राम प्रशासन अधिकारी, यांना पूर्ण हजेरी आहे ते बरोबरच आहे. तिथे मी एक दिवसाचीही सवलत मागत नाही. उलट तिथल्या रिकाम्या जागा भरा, अशीच माझी मागणी आहे. पण शासनात दुसऱ्याही खुर्च्या आहेत. वित्त विभागात खर्चाचा ताळा जुळवणारा, विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरे तयार करणारा, न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राचा मसुदा करणारा, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरे देणारा, अधिनियमाचे भाषांतर तपासणारा, योजनेची आकडेवारी महिनाअखेर एकत्र करणारा. यांच्या टेबलासमोर नागरिक कधीच बसत नाही. यांच्यापुढे फक्त फाईल येते. या दोन प्रकारच्या खुर्च्यांना एकच नियम लावल्यामुळे पहिल्या प्रकारच्या नागरिकाचे काही भले होत नाही आणि दुसऱ्या प्रकारच्या कर्मचाऱ्याचे विनाकारण हाल होतात.

‘घरी बसून हा माणूस काम करतो की झोपतो, हे आम्हाला कसे कळणार?’ हा प्रश्न मी बऱ्याच अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. ज्या राज्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवला, त्याच राज्यात तो विचारला जावा याचे मला खरेच नवल वाटते. मद्रास इलाख्याची कचेरी पद्धत ब्रिटिश काळात टॉटनहॅम नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने घालून दिली. केरळ आणि आंध्रच्या कचेऱ्याही त्याच पद्धतीवर उभ्या राहिल्या. तिचा कणा म्हणजे पर्सनल रजिस्टर. प्रत्येक कारकुनाचे स्वतःचे रजिस्टर. आलेला प्रत्येक कागद तारखेसह त्यात चढवायचा, त्यावर काय केले, कोणाला लिहिले, स्मरणपत्र कधी गेले, उत्तर कधी आले, निकाल कधी लागला, सगळे एका ओळीत. अधीक्षकाने ठरलेल्या दिवशी ते तपासायचे. कोणाकडे किती कागद किती दिवस पडून आहेत, याचा हिशेब त्या वहीतून मिळे. माणूस खुर्चीवर किती तास होता, याचा त्यात उल्लेख नाही. कामाचे मोजमाप कागदाच्या निकालावर व्हावे, ही कल्पना तमिळनाडूने कुठल्या अमेरिकन कंपनीकडून शिकायची गरज नाही. ती आपल्याच नियमपुस्तकात आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना याची ओळख वेगळ्या नावांनी आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची मांडणीच बदलली आणि टेबलावरचे कागद गठ्ठ्यांत विभागून कोणते काम कुठे अडले आहे ते डोळ्यांना दिसेल असे केले. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव आजही जुन्या कारकुनांच्या तोंडी आहे. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ ही मोहीम राबवली: आलेल्या कागदाचा निपटारा त्या-त्या मुदतीत, आणि मागचे तुंबलेले शून्यावर. या दोन्ही प्रयोगांत मुख्य प्रश्न ‘कागद कुठे आहे?’ हाच होता. ‘माणूस कुठे आहे?’ हा प्रश्न त्यांनी दुय्यम मानला. ई-ऑफिस आल्यावर पर्सनल रजिस्टर आणि गठ्ठे दोन्ही आपोआप संगणकात आले. मग हजेरीच्या यंत्रावर अंगठा किती वाजता पडला, यालाच कामाचा पुरावा मानण्याचे कारण काय उरते?

जो कामचुकार आहे, तो कार्यालयात येऊनही काम चुकवतो. ज्याची फाईल तीस दिवस हललेली नाही त्याला घरी बसायची सवलत मिळू नये, हा नियम ई-ऑफिसच्या अहवालावरून लावता येतो. त्यासाठी कोणाच्या घरात डोकावावे लागत नाही.

आता पावसाकडे येते. हे पत्र खरे तर पावसाने लिहायला लावले.

चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. १ डिसेंबर २०१५ ची रात्र या शहरातल्या कोणाला विसरता येणार नाही. अड्यार नदीकाठची, वेळच्चेरी-मुडिच्चूरची घरे पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होती. ४ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळाने तेच पुन्हा केले. त्या वेळी चेन्नई, तिरुवळ्ळूर, कांचीपुरम आणि चेंगलपट्टू या चार जिल्ह्यांत शासनाने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आणि खासगी कंपन्यांना आवाहन केले की कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा आला तेव्हा शासनाने आयटी कंपन्यांना १५ ते १८ ऑक्टोबर या चार दिवसांसाठी घरून कामाचा सल्ला दिला. दोन्ही वेळा शासनाने शहाणपणाचेच पाऊल उचलले. आयटी कंपन्यांच्या ओएमआर या रस्त्यावरची वाहने कमी झाली, पाण्यात अडकणारी माणसे कमी झाली, रुग्णवाहिकांना आणि महापालिकेच्या पंपांना रस्ता मिळाला.

पण स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी शासनापुढे अशा दिवशी दोनच पर्याय असतात: हजेरी किंवा सुट्टी. हजेरी ठेवली तर माणूस गुडघाभर पाण्यातून येतो. सुट्टी दिली तर शासन बंद पडते. त्या दिवशी मदतकार्यात नसलेल्या, पण फाईल हलवू शकणाऱ्या हजारो लोकांचा कामाचा दिवस वाया जातो, आणि नागरिकाचा कागद आणखी मागे पडतो. आपण तिसरा पर्याय दुसऱ्यांना सुचवता, तो उपयोगी आहे हे आपल्याला माहीत आहे. तो आपल्या घरी का नसावा?

पाऊस नसतानाही या शहराचा प्रवास सोपा नाही. सचिवालयात जाणाऱ्यांची गाडी म्हणजे एमआरटीएस ही शहरी रेल्वे. चिंताद्रिपेट ते बीच हा तिचा तुकडा चौथ्या रेल्वेमार्गाच्या कामासाठी २७ ऑगस्ट २०२३ रोजी बंद झाला तो २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. फोर्ट स्थानक याच तुकड्यात. चौदा महिने वेळच्चेरीकडून येणारा सचिवालयाचा कर्मचारी चिंताद्रिपेटला उतरून बस शोधत होता. त्याआधी २०२० मध्ये तर शंभर टक्के हजेरीचा आदेश १ सप्टेंबरपासूनचा आणि राज्य कर्मचाऱ्यांसाठी उपनगरी गाड्या सुरू झाल्या त्या ५ ऑक्टोबरला. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे ११८.९ किलोमीटरचे काम संपेपर्यंत रस्त्यांवरचे पत्रे हटणार नाहीत. ते काम व्हायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढेच म्हणते की प्रवासाची ही झीज शासनाला कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

माझ्या इमारतीत एक सरकारी कर्मचारी राहतात. कोणत्या खात्यात ते इथे लिहीत नाही. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायात कॅलिपर. बाजूला चाके लावलेली स्कूटर चालवतात. काम हिशेबाचे, दिवसभर संगणकावर. आमच्या गल्लीत पाणी साठले की ती स्कूटर निघत नाही, आणि साठलेल्या पाण्यात कॅलिपर घालून चालणे म्हणजे उघड्या गटारावरचे झाकण कुठे आहे याचा अंदाज घेत चालणे. अशा दिवशी ते किरकोळ रजा टाकतात. वर्षाच्या रजा अशा रीतीने नोव्हेंबरमध्ये संपतात, आणि डिसेंबरात ताप आला तरी ते कामावर जातात. हा माणूस रजा मागत नाही. त्यांना काम करायचे आहे, आणि त्या दिवशी त्यांचे काम त्यांच्या घरातल्या टेबलावर होऊ शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम २० सांगते की प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयीसुविधा आणि अडथळामुक्त वातावरण दिले पाहिजे. त्याच कायद्याने सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण दिले. आरक्षणाने माणूस नोकरीत येतो. रोज पोहोचता येणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. साथीच्या काळात केंद्र सरकारने दिव्यांग आणि गर्भवती कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यापासून सूट दिली होती, म्हणजे त्यांना येण्याजाण्यात वेगळा त्रास आहे हे तेव्हा मान्य झाले. साथ गेली. पाय तोच आहे, जिना तोच आहे, स्थानकावरचा पूल तोच आहे. म्हणून दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी घरून काम ही कलम २० खालची वाजवी सोय आहे असे शासनाने लिहून मान्य करावे. ती साहेबाच्या मर्जीवर ठेवू नये. मर्जीवर ठेवलेली सोय मागताना माणसाला रोज आपले व्यंग पुढे करावे लागते.

स्त्रियांबद्दल मला थोडे जपून लिहायचे आहे. तमिळनाडूने १ जुलै २०२१ पासून प्रसूती रजा नऊ महिन्यांवरून बारा महिन्यांची केली. देशात फार थोड्या ठिकाणी एवढी रजा आहे. सरकारी भरतीत स्त्रियांचे आरक्षण ३० वरून ४० टक्के करण्याचे धोरणही २०२१ मध्ये जाहीर झाले. या राज्याने स्त्रीला नोकरीत आणण्यासाठी जे केले त्याचा मला आदर आहे. पण वर्षाची रजा संपते त्या सकाळी तिला पुन्हा पूर्ण हजेरी आणि दोन तासांचा प्रवास. मधली पायरी नाही. आठवड्यातले दोन दिवस घरून, असे काही महिने, ही पायरी ठेवता येईल. मात्र घरून काम म्हणजे बाईने एका हाताने पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्याने टिपणी लिहायची, असा अर्थ घरात आणि कार्यालयात दोन्हीकडे काढला जातो, हे मी आयटीतल्या मैत्रिणींकडे पाहिले आहे. त्यांच्या सासरी ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येई. म्हणून ही सवलत फक्त स्त्रियांची म्हणून देऊ नये. पुरुषालाही ती तितकीच मिळावी. तरच घर कोणा एकाच्या अंगावर पडणार नाही. सैदापेटच्या टोडहंटर नगरसारख्या सरकारी वसाहतींतल्या दोन खोल्यांत शांतपणे बसायला जागा नसणारेही बरेच आहेत. त्यांना कार्यालय हवे असेल तर ते उघडे असले पाहिजे. सक्ती कुठल्याही बाजूने नको.

कर्मचारी संघटनांकडून या मागणीसाठी फारसा आवाज येत नाही, आणि त्याचे कारण मला समजते. जुन्या निवृत्तिवेतनाच्या लढ्यात त्यांची वर्षे गेली. आणि एक भीतीही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन विभागाच्या शासन निर्णय क्र. ११५ ने एक समिती नेमली. तिच्या कार्यकक्षेत भरती बाहेरच्या संस्थांमार्फत करण्याचा विचार होता. संघटना उठल्या आणि सरकारला ती कार्यकक्षा मागे घ्यावी लागली. कर्मचाऱ्याच्या मनात तेव्हापासून हा हिशेब पक्का आहे: जे काम घरून होते, ते उद्या कंत्राटदाराकडूनही करून घेता येते. ही भीती खोटी नाही. ती घालवायची असेल तर घरून कामाच्या आदेशातच लिहिले पाहिजे की या कारणाने कोणतेही पद रद्द होणार नाही, कंत्राटी होणार नाही, आणि कोणाची बढती अडणार नाही. पहिल्या परिच्छेदात लिहा, तळटीपेत नको.

बाहेर काय चालले आहे तेही आपल्यासमोर असेलच. केंद्राच्या कार्मिक विभागाने मे २०२० मध्ये एक मसुदा सर्व मंत्रालयांकडे पाठवला होता. वर्षाला पंधरा दिवस घरून काम, त्यासाठी लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च, गोपनीय फाइली मात्र घरून हाताळायच्या नाहीत, असा त्याचा आशय होता. त्याच मसुद्यात नोंद होती की ई-ऑफिसवर आलेल्या सुमारे ७५ मंत्रालये-विभागांपैकी ५७ विभाग ८० टक्क्यांहून अधिक काम त्यावर करत होते. तो विचार पुढे गेला नाही, आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांची पूर्ण हजेरी परत आली. दिल्ली सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा विषारी झाली तेव्हा निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले. म्हणजे राज्य सरकार हे करू शकते. अमेरिकेत वारे उलटे आहे: जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कार्यालयात बोलावले, आणि मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी राज्य कर्मचाऱ्यांना दोनऐवजी चार दिवस येण्याचा आदेश काढला, ज्याची अंमलबजावणी नंतर वर्षभर लांबली. तिथले घरून काम वर्षानुवर्षे चालून मग आखडते घेतले जात आहे. त्यांचा निर्णय योग्य की अयोग्य हे ते ठरवतील. त्यांच्याजवळ निदान अनुभव आहे. आपल्याकडे टीसीएससारख्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वांना कार्यालयात बोलावले, त्याचा दाखला मला नेहमी दिला जातो. पण त्या कंपनीनेही ऑक्टोबर २०२४ च्या पावसात आपलाच सल्ला ऐकावा अशी आपली अपेक्षा होती.

माझी मागणी छोटी आहे. येत्या ईशान्य मोसमी पावसाआधी चेन्नईतल्या एका विभागात, ऑक्टोबर ते डिसेंबर, हे करून पाहा. विभाग आपण निवडा, फक्त त्याचे काम बऱ्यापैकी ई-ऑफिसवर आलेले असावे. त्या विभागातल्या प्रत्येक पदापुढे लिहा: हे खिडकीचे की फाईलचे. फाईलच्या पदांना अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी सुट्टीऐवजी घरून काम. दिव्यांग कर्मचाऱ्यांना गरजेप्रमाणे, अर्जावर कारण न विचारता. शासनाचा लॅपटॉप, सुरक्षित जोडणी, गोपनीय फाइली वगळून. कार्यालयाच्या दारावर प्रत्येक टेबलाचा फोन क्रमांक आणि त्या दिवशी तो कोण उचलेल ते तमिळमध्ये, मोठ्या अक्षरांत. संध्याकाळी सहानंतर घरच्या फोनवर काम पाठवायचे नाही. आणि जानेवारीत त्या विभागाचा प्रलंबित फाइलींचा तक्ता, आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांच्या तक्त्याशेजारी ठेवून, लोकांसाठी जाहीर करा.

फाइली तुंबल्या असतील तर प्रयोग थांबवा. मग जो शेरा लिहाल तो मी मान्य करीन, कारण तो या वेळी काम पाहून लिहिलेला असेल. तुंबल्या नसतील, तर पुढच्या पावसाळ्यात दुसरा विभाग, त्यानंतर तिसरा.

या पत्राची एक प्रत महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांकडे, मंत्रालय, मुंबई येथे पाठवत आहे. मुंबईचा जुलै आणि चेन्नईचा नोव्हेंबर यांत पाण्याच्या बाबतीत फरक नाही, आणि चर्चगेटहून मंत्रालयापर्यंत कॅलिपर घालून चालणारी माणसे तिथेही आहेत.

आपली विश्वासू,
वेळच्चेरी, चेन्नई येथील एक मराठी रहिवासी